कॉलेजात मशीनची हजेरी लावताय? आधी पोरांची बोटं बघा

मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी एक काम करा, सलग सहा दिवस पहिल्या तासाला वर्गाच्या दारात वही घेऊन उभे राहा. किती पोरं वेळेत आली, किती एसटीमुळे दहा-पंधरा मिनिटं उशिरा आली, किती जणांकडे स्वतःचा फोन आहे, लाईट किती वेळा गेली, दारातून एका मिनिटात किती जण आत येतात, सगळं लिहा. आम्ही हे केलं नव्हतं. नॅक, म्हणजे कॉलेजला दर्जा देणारी समिती, येतंय म्हणून घाईघाईत मशीनी आल्या, भिंतीला लागल्या, आणि पहिल्याच सेमिस्टरला जी पोरं रोज वर्गात बसत होती तीच डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत आली. मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो, चार वर्षं झाली हजेरीचं काम माझ्याकडे आहे, त्यात जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय. तुमच्याकडे जुलैत हे काम गळ्यात पडलं असेल तर कामाला येईल.

पहिला प्रश्न, मोजायचं काय? गेटवर एक मशीन लावून आत-बाहेर मोजणं सोपं आहे आणि एजन्सीवाले तेच विकतात, पण त्याचा आपल्याला उपयोग जवळपास नाही. परीक्षेला बसायची ७५ टक्के हजेरीची अट विषयाच्या तासांवर असते. चार क्रेडिटचा थिअरीचा पेपर म्हणजे ६० तास, त्यातले ४५ बसायला हवेत. गेटमधून आत आलेलं पोरगं लायब्ररीत होतं की कँटीनला की वर्गात, हे गेटच्या मशीनला कळत नाही. म्हणून हजेरी तासाप्रमाणेच घ्या. आणि तासाप्रमाणे म्हटलं की वेळेचं गणित आलं. ७० पोरांचा वर्ग, कार्डाला माणशी ३ सेकंद धरले तर साडेतीन मिनिटं. बोटाला ६ सेकंद धरा, लागलं नाही की परत ठेवायचं, म्हणजे सात मिनिटं आणि दारात रांग. तोंडाने रोल नंबर पुकारायला मला पाच मिनिटं लागतात. म्हणजे बोटाच्या मशीनने तासाचा वेळ वाचतच नाही, हे आधी प्राचार्यांना कागदावर आकडे मांडून दाखवा.

आता बोटांचं सांगतो, आम्ही सगळ्यात जास्त इथेच चुकलो.

जून-जुलैत नोंदणी केली तेव्हा सगळ्यांचे अंगठे छान लागले. दसरा झाला, कापूस वेचणी सुरू झाली आणि दिवाळीच्या आधी मशीन नुसतं 'प्लीज ट्राय अगेन' म्हणायला लागलं. एसवायबीएचा एक मुलगा, तिसऱ्या बाकावर बसणारा, माझा एकही तास न चुकवणारा, त्याची हजेरी आली ४१ टक्के. तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी ते वर्गमाच बठेल व्हतू, मना अंगठाच लागत नही." मी त्याला मशीनजवळ नेलं. पाच वेळा ठेवला, पाच वेळा लाल लाईट. मग त्याचा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्याच्या टोकाला बारीक काळ्या चिरा, कातडी सोललेली, रेषा अशा दिसतच नव्हत्या. सकाळी सहाला आईबरोबर शेतात जाऊन दोन तास कापूस वेचायचा आणि मग साडेनऊची एसटी धरायची, रविवारी पूर्ण दिवस. बोंडाची सुकलेली टोकं बोटात घुसतात, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, फक्त मशीन घेताना आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

कारण साधं आहे. आपल्याकडे जी मशीनं येतात ती बहुतेक ऑप्टिकल, काचेवर बोट ठेवलं की खालून प्रकाश पडतो आणि बोटाच्या रेषांचा उंचसखलपणा त्याला दिसतो. रेषा झिजल्या, चिरा पडल्या, कातडी कोरडी पडली, की त्याला काही वाचता येत नाही. रावेर-यावल-चोपड्याकडची पोरं केळीच्या कापणीला जातात, त्यांच्या बोटांवर केळीच्या चिकाचे तपकिरी-काळे डाग बसतात आणि ते साबणाने निघत नाहीत. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, देठ खुडायला जाणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या बोटांची आग होत असते, त्यांना काचेवर बोट दाबून धरा म्हणून सांगायचं कसं? शिकता शिकता कष्ट करणाऱ्या पोरांनाच हे मशीन गैरहजर ठरवतं, म्हणून मी इतकं लांबवून लिहितोय.

तरी तुमच्याकडे बोटाचं मशीन आधीच येऊन पडलं असेल तर असं करा. एकच अंगठा नोंदवू नका, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवा, आणि त्यात करंगळीजवळचं बोट घ्या, ते वेचणीत कमी झिजतं. नोंदवलेलं बोट लगेच तीनदा ठेवून बघा, तिन्ही वेळा एका झटक्यात लागलं तरच नोंदणी पक्की. दिवाळीच्या सुट्टीनंतर नोंदणीचा आठवडा परत घ्या, कारण जुलैतलं बोट आणि डिसेंबरमधलं बोट एक नसतं. काच रोज सकाळी शिपाईमामांकडून कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या, शेजारी ओला रुमाल ठेवा, कोरडं बोट किंचित ओलसर झालं की बऱ्याचदा लागतं. आणि दोन प्रयत्नांत लागलं नाही तर तिसरा करायला लावू नका, कार्ड किंवा सही, जो दुसरा मार्ग ठेवलाय तिकडे पाठवा. मागे पन्नास जण उभे असताना पाच-पाच वेळा बोट ठेवणाऱ्या पोराला काय वाटतं ते मी त्या मुलाच्या चेहऱ्यावर बघितलंय.

चेहऱ्याच्या मशीनचं थोडक्यात. उजेड मागून येता कामा नये, म्हणजे मशीनसमोर पोरगं उभं राहिल्यावर त्याच्या पाठीशी उघडं दार किंवा खिडकी नको. पश्चिमेच्या व्हरांड्यात लावू नका, एप्रिल-मेच्या उन्हात तिथे माणूस उभा राहू शकत नाही. आपल्याकडे मुली उन्हातान्हाचा स्टोल बांधून येतात, काही मुली बुरख्यात असतात, कोणालाही दारात रांगेसमोर चेहरा उघड म्हणू नका. त्यांना कार्डाचा पर्याय पहिल्याच दिवसापासून द्या, आणि तो मागावा लागू नये, आधीच दिलेला असावा.

कार्ड घेणार असाल तर एजन्सीला एकच विचारा, कार्ड १२५ किलोहर्ट्झचं आहे की १३.५६ मेगाहर्ट्झचं. १२५ वालं स्वस्त असतं पण ते नुसता नंबर सांगतं आणि त्याची नक्कल सहज होते. मोबाईल अॅप आणि जीपीएसच्या नादी लागू नका. मोकळ्या मैदानात फोनचं लोकेशन पाच-दहा मीटरने चुकतं, स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये त्याहून बरंच जास्त, म्हणजे वर्गात बसलेला मुलगा बाहेर दिसतो आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसलेला आत दिसतो. खोटं लोकेशन दाखवणारी अॅपही पोरांना माहीत असतात. शिवाय ज्या घरात दोन भावंडांत एक फोन आहे तिथलं काय?

पडद्यावर क्यूआर दाखवून पोरांनी स्कॅन करायचा, हे आम्ही गुगल फॉर्मवर करून बघितलं. तिसऱ्या दिवशी क्यूआरचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, वर्गात ४४ पोरं आणि शीटमध्ये ६१. कोड दर पंधरा सेकंदाला बदलणारा असेल तरच तो प्रकार चालतो, पण मग प्रत्येकाकडे फोन आणि नेट लागतंच.

शेवटी आमच्याकडे जे टिकलं ते उलटं आहे. क्यूआर पोरांच्या ओळखपत्रावर छापला आणि स्कॅन करतो शिक्षक, स्वतःच्या फोनवर. क्यूआरमध्ये फक्त पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी नंबर, बाकी काही नाही. पोरांना फोन लागत नाही, नेट लागत नाही, बोट लागत नाही. स्कॅन करणारं अॅप मात्र असं बघा की नेट नसलं तरी नोंद फोनमध्ये साठेल आणि नेट आलं की वर जाईल, धडगाव-अक्कलकुव्याकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांचं कॉलेज आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. पहिला बाक ते शेवटचा बाक फिरत जायचं, ६० पोरांना तीन-चार मिनिटं लागतात, आणि फिरता फिरता पोरं दिसतात, कोण दोन दिवस गप्प आहे, कोणाच्या हाताला पट्टी आहे. मला याचा वेगळाच फायदा झाला.

प्रॉक्सी यातही होते, मित्राचं कार्ड पुढे सरकवतात. त्यावर इलाज एकच, मुंडकी मोजा. स्कॅन झालं की वर्गातली डोकी मोजून आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. फळ्यावर ५२ आणि फोनमध्ये ५७ आले तर पाच नावं तिथल्या तिथे पुकारून काढता येतात. मशीन कोणतंही घ्या, महागातलं महाग घ्या, ही डोकी मोजायची सवय सोडू नका.

यादीचं काम कंटाळवाणं आहे पण अर्धे घोटाळे तिथूनच येतात. आपल्याकडे एका वर्गात वीस-पंचवीस पाटील असतात, त्यात नाव आणि वडिलांचं नावही सारखं असलेले दोघं निघतात. इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, बारावीच्या मार्कशीटवर दुसरं. म्हणून नावावरून काहीही जुळवू नका, पीआरएनवरूनच जुळवा, आणि पहिल्या वर्षाला पीआरएन यायला वेळ लागतो तोपर्यंत प्रवेश अर्जाचा नंबर वापरा. रोल नंबर तर बिलकुल नको, ऑगस्टपर्यंत प्रवेश चालू असतात आणि रोल नंबर दोनदा बदलतात.

घड्याळ. हे वाचून सोडून देऊ नका. लाईट गेली, मशीनमधला बटण सेल मेलेला असला, की परत लाईट आल्यावर मशीनची तारीख मागे जाते. आमच्या रिपोर्टमध्ये एका दिवशी अख्ख्या वर्गाची हजेरी १ जानेवारी २००० ला लागलेली निघाली. सॉफ्टवेअरला त्या तारखेचं लेक्चरच सापडेना, म्हणून त्या दिवशी सगळे गैरहजर. एजन्सीने हात वर केले, आम्ही तीन दिवस हाताने दुरुस्ती करत बसलो. तेव्हा दर सोमवारी सकाळी मशीनची वेळ स्वतःच्या फोनशी जुळवून बघा, सेल वर्षातून एकदा बदला, मशीन इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, आणि दर शनिवारी पेनड्राईव्हवर नोंदी काढून ठेवा.

आता नियम ठरवायचे, आणि ते पोरांना विचारून ठरवायचे. खेड्यावरून अप-डाउन करणारं पोरगं एसटीवर किंवा सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीवर अवलंबून असतं. बस डेपोतूनच उशिरा सुटली तर त्यात त्याचा काय दोष? आम्ही ॲडमिशनलाच प्रत्येकाचं गाव आणि येण्याचं साधन लिहून घेतो, पहिल्या तासाला त्या मुलांना पंधरा मिनिटांची सूट, पूर्ण हजेरी. एकाच गावची चार पोरं एकदम उशिरा आली तर काय विचारायचं राहतं, बस उशिरा आली. पावसाळ्यात एखाद्या नाल्याला पूर आला तर त्या गावाचा तो दिवस मोजणीतूनच बाजूला ठेवतो.

एनएसएस, एनसीसी, युवारंग युवक महोत्सव, आविष्कार संशोधन स्पर्धा, खेळाचे सामने, यांना हजर-गैरहजर सोडून तिसरं चिन्ह ठेवा, ऑन ड्युटी, आणि ते त्याच आठवड्यात संबंधित सरांच्या सहीने भरलं गेलं पाहिजे. मार्चमध्ये आठवून भरायला गेलात की निम्मी नावं सुटतात. सणांचंही आधीच बघा. कानबाई हा आपल्या खान्देशातला देवीचा सण, त्याच्या सोमवारी विसर्जन असतं, वर्ग निम्मा रिकामा असतो हे दरवर्षीचं आहे. होळीच्या आधी भोंगऱ्या, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार लागले की पावरा आणि भिल्ल समाजाची पोरं घरी जातात, आणि डोंगरातून परत यायला त्यांना वेळ लागतो. या दिवसांत नवीन युनिट किंवा प्रॅक्टिकलची परीक्षा ठेवू नका, जमलं तर ते तास आधीच्या शनिवारी घ्या. हजेरी टिकवायचा हा एक सरळ मार्ग आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

टक्केवारी काढताना खाली, म्हणजे छेदात, काय धरलंय ते स्वतः तपासा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. खाली झालेले तास हवेत, टाइमटेबलवर लिहिलेले तास नकोत. आणि उशिरा प्रवेश झालेल्याचे तास त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून. आमच्याकडे एक मुलगी पुरवणी परीक्षेनंतर आली, तोपर्यंत १० तास झाले होते. सेमिस्टरला एकूण ५२ तास झाले, ती ३४ ला बसली. सॉफ्टवेअरने ३४ भागिले ५२ केलं, ६५ टक्के, डिफॉल्टर. खरं गणित ३४ भागिले ४२, म्हणजे ८१ टक्के. तिच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर ६५ गेले असते तर? अनेक शिष्यवृत्त्यांना हजेरीची अट असते आणि त्या पैशावर खोलीचं भाडं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता. हजेरी दर आठवड्याला पोरांना दिसली पाहिजे. सेमिस्टरच्या शेवटी लागलेली डिफॉल्टर लिस्ट म्हणजे सुधारायची संधी संपल्यावर दिलेली बातमी. आम्ही दर सोमवारी विषयवार यादी नोटीस बोर्डवर लावतो, त्यावर नाव नाही, फक्त पीआरएनचे शेवटचे आकडे, झालेले तास आणि बसलेले तास. टक्के पण लिहितो, पण पोरं तासच बघतात, "दोन तास कमी पडताहेत" हे लगेच कळतं. चूक वाटली तर सात दिवसांत दोन ओळींचा अर्ज, तारीख आणि तास. शिक्षक आपल्या डोकी मोजलेल्या आकड्याशी ताडून बघतो आणि दुरुस्त करतो. दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसू नका, ती तशीच ठेवून शेजारी नवीन नोंद, कोणी बदलली आणि कधी ते लिहा, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर दाखवता येतं.

हे मी माझ्या मनाने सांगतोय असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लॉच्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात हजेरी कमी आहे एवढ्यावरून परीक्षेला बसू न देण्याच्या विरोधात निकाल दिला, आणि त्याच निकालात आठवड्याला पोर्टल किंवा अॅपवर हजेरी कळवा, कमी असेल तर महिन्याला पालकांना कळवा, कमी पडलेल्यांना जादा तास द्या असंही सांगितलं. तो निकाल लॉच्या शिक्षणाबाबतचा आहे, आपल्या बीए-बीएस्सीला तो तसाच लागू होतो असं नाही, पण आपलं काम कसं असावं हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

पालकांच्या एसएमएसबद्दल जपून राहा. एजन्सी म्हणते पोरगं गैरहजर की पाच मिनिटांत बापाच्या फोनवर मेसेज. आमच्याकडे असा एक मेसेज चुकीने गेला, मुलगी वर्गात होती, तिचं कार्ड वाचलं गेलं नव्हतं. संध्याकाळी घरी विचारणा झाली, दुसऱ्या दिवसापासून ती आठ दिवस आलीच नाही. मी आणि आमच्या मॅडम तिच्या गावी जाऊन आलो, वर्गाच्या हजेरीचा कागद दाखवला, तेव्हा तिच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, परत पाठवली. खेड्यात मुलीचं कॉलेज एका मेसेजवर बंद होऊ शकतं. म्हणून त्याच दिवशीचा मेसेज बंदच ठेवा. आधी पोराशी बोला, दुरुस्तीचे सात दिवस जाऊ द्या, मग महिन्यातून एकदा पालकांना मराठीत, तासांच्या आकड्यांसह कळवा. एकगठ्ठा एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी या मोबाईल कंपन्यांच्या यंत्रणेवर नोंदणी आणि मजकुराची मंजुरी लागते, तेव्हा तो मजकूर मंजुरीला जायच्या आधी स्वतः लिहा, एजन्सीचा तयार मजकूर घेऊ नका. 'आपला पाल्य अनुपस्थित आहे' यापेक्षा 'या महिन्यात २० पैकी १२ तासांना हजर, काही अडचण असल्यास कॉलेजला कळवा' हे वाचून माणूस फोन करतो.

बोट आणि चेहरा ही पोरांची खाजगी गोष्ट आहे, हे कागदावर आणा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचं मूल म्हणजे बालक, आणि एफवायला १७ वर्षांची पोरं असतातच, त्यांच्या पालकांची संमती सही घेऊन ठेवा, मराठी फॉर्मवर, वाचून दाखवून. आधार नंबर हजेरीसाठी मागू नका, कोणत्याही शीटमध्ये टाकू नका. एजन्सीच्या करारात तीन ओळी घालाच, डेटा कॉलेजचा, करार संपला की एजन्सीने तो आपल्याकडे देऊन स्वतःकडचा पुसायचा, आणि पोरगं पास होऊन गेलं की त्याच्या बोटाची-चेहऱ्याची नोंद काढून टाकायची. आमच्या पहिल्या करारात यातलं एकही नव्हतं, नोंदी परत मिळवायला सहा महिने फोन करावे लागले.

आणि कागदी कॅटलॉग, म्हणजे हजेरीची वही, पहिलं सेमिस्टर बंद करू नका. दोन्ही चालवा, दर शनिवारी प्रत्येक वर्गातली कोणतीही दहा नावं घेऊन मशीनची आणि कॅटलॉगची हजेरी समोरासमोर ठेवा. एखाद्याच्या दोन्हीत दोन तासांपेक्षा जास्त फरक आला तर त्या पोराला बोलवा, त्याचं कार्ड बघा, बोट बघा, बसची वेळ विचारा. त्या एसवायच्या मुलाचे तास आम्ही असेच कॅटलॉगवरून जुळवले, ४१ टक्क्यांचे ८८ निघाले, आणि त्याचा अंगठा मशीनमधून काढून त्याला कार्ड दिलं.